‘फेअर’ या विशेषणाची मराठी रूपे

‘अ फेअर डेज वेज फॉर अ फेअर डेज वर्क’ हा इंग्रजी वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकात कामगार चळवळीचे घोषवाक्य बनला. त्यातील ‘फेअर’ हे विशेषण दोनदा येते व त्याचा सारा जोर या द्विरुक्तीत आहे; वेतन तसे असावे, कामही तसेच असावे. मराठीत ही द्विरुक्ती बहुधा गळून पडते. ‘घामाला दाम’, ‘कामाचा योग्य मोबदला’ या पर्यायांत कामाला विशेषणच उरत नाही. (‘दाम करी काम’ ही म्हण येथे उपयोगी नाही, तिचा रोख पैशाच्या सामर्थ्याकडे आहे.)

याहून अवघड प्रश्न विशेषणाच्या निवडीचा आहे. ‘रास्त’ हा फारसी शब्द भावाला, विशेषतः सरकारी धान्यदुकानाला, चिकटला. अरबी ‘वाजिब’पासून आलेला ‘वाजवी’ दर, भाडे व मजुरी यांजबरोबर येतो. ‘न्याय्य’ मात्र हक्क, मागणी आणि वेतन यांच्या पंक्तीस बसतो; पोर्तुगीज मूळ असलेल्या ‘पगारा’ला तो सहसा लागत नाही. वाजवीपणाचे माप बाजार आणि वहिवाट, तर न्याय्यतेचे माप एखादे तत्त्व असते. इंग्रजी शब्द ही दोन्ही मापे झाकून ठेवतो. एंगल्सने १८८१ साली ‘लेबर स्टँडर्ड’ या पत्रात नेमके याच वाक्प्रचारावर बोट ठेवले होते. येथील ‘फेअर’ स्पर्धेने ठरतो, आणि त्या स्पर्धेत थांबण्याची ऐपत नसलेला कामगार आरंभीच मागे असतो, असा त्याचा आक्षेप होता. मराठीत सांगावयाचे तर ‘वाजवी’ला ‘न्याय्य’ म्हणून खपविले जाते, हीच त्याची तक्रार.

भारतात १९४८ साली नेमलेल्या वेतनविषयक समितीने ‘फेअर वेज’ची खालची मर्यादा किमान वेतन व वरची मर्यादा उद्योगाची देण्याची कुवत अशी मानली, आणि मधल्या जागेत परिसरातील प्रचलित दरही विचारात घेतले. म्हणजे तत्त्व व बाजार एकाच संज्ञेत नांदू लागले.

या संज्ञेची कसोटी पिंपरीतच लागली. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीचा कामगारांशी असलेला वेतनविवाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सार्वजनिक क्षेत्रातील उद्योग नफ्यासाठी नसल्याने त्यास खाजगी कारखान्यांची मोजपट्टी लावू नये, असे कंपनीचे म्हणणे होते. १९६६ च्या निर्णयात न्यायालयाने ते मानले नाही. वेतननिश्चितीची तत्त्वे दोन्ही क्षेत्रांस सारखीच ठरली. येथे परिसरातील दरांची तुलना, म्हणजे ‘वाजवी’चे माप, ‘न्याय्य’च्या कामी आले, ही गोष्ट अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

तुलनेचा हाच धागा ‘समान काम, समान वेतन’ या घोषणेत आढळतो, आणि इंग्रजी वाक्प्रचाराची हरवलेली द्विरुक्तीही तेथेच भेटते. चाकणच्या पट्ट्यात एकाच पाळीत कायम व कंत्राटी कामगार शेजारी उभे राहतात. तेथे ‘न्याय्य’पेक्षा ‘समान’ हा शब्द अधिक धारदार ठरतो, कारण त्याचा पुरावा शेजारच्या माणसाच्या वेतनचिठ्ठीत असतो. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हेच तत्त्व मान्य केले. परंतु दोघांचेही वेतन तुटपुंजे असल्यास ‘समान’ला बोलण्यासारखे काही उरत नाही. अशा वेळी ‘न्याय्य’ हाच शब्द वापरावा लागतो. ‘वाजवी’ने तेथे भागत नाही.