कोल्हासुराचं नाव आपण का राखलं?

आता बघा, ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या डोंगरावर जाते. तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो, त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. कथा काय सांगते? मरताना कोल्हासुरानं मागितलं, नगराला माझं नाव द्या. देवीनं ते दिलं. आणि संकटातून सोडवणाऱ्या त्र्यंबोलीला विजयाच्या सोहळ्याला बोलवायचंच राहिलं, म्हणून ती रुसून डोंगरावर बसली.

जेम्स फ्रेझरनं 'द गोल्डन बाऊ'मध्ये (१८९०) असल्या विधींकडे आदिमानवाचं फसलेलं विज्ञान म्हणून पाहिलं. विट्गेनश्टाइनची यावरची हरकत मला पटते: नुसती चूक असती, तर दाखवून दिल्यावर माणसानं सोडली असती. कोहळ्यात असुर नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की! तरी तो दरवर्षी फुटतो.

फ्रेझरला यातलं भय दिसलं, हिशेब दिसला नाही. ज्याला मारलं त्याचं नाव आपण रोज घेतो. जिनं वाचवलं तिला विसरलो. कोणत्याही विजयाची ही अडचणीची बाजू असते. ती सरळ सांगितली तर कोण ऐकणार? म्हणून माणूस भीषण कथा रचतो. तेव्हा मुलांना सांगताना ती गोड करू नका. गोड केली, की हिशेबच पुसला जातो.