गायकाची साक्ष आणि शोधाचा चौकटबंद प्रश्न : ‘हू शॉट द शेरीफ?’ या माहितीपटाचा विचार

3 डिसेंबर 1976 रोजी रात्री जमैकाची राजधानी किंग्स्टन येथील 56, होप रोड या घरात काही बंदूकधारी शिरले. त्या वेळी तेथे बॉब मार्ली आणि त्याचे सहकारी दोन दिवसांनंतरच्या जाहीर कार्यक्रमाची तालीम करीत होते. गोळीबारात मार्लीच्या छातीला व दंडाला इजा झाली. त्याची पत्नी रिटा आणि व्यवस्थापक डॉन टेलर हेही जखमी झाले. कोणी मृत्युमुखी पडले नाही. परंतु या हल्ल्यासाठी कोणत्याही न्यायालयात कोणाला शिक्षाही झाली नाही. कीफ डेव्हिडसन दिग्दर्शित ‘हू शॉट द शेरीफ?’ हा 2018 मधील माहितीपट या अनुत्तरित घटनेभोवती उभा आहे. संगीत आणि राजकीय हिंसा यांच्या संबंधाचा विचार करताना या कृतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही तिच्या शीर्षकापासूनच दिसू लागतात.

शीर्षकाला मार्लीच्या 1973 मधील ‘आय शॉट द शेरीफ’ या गाण्याचा संदर्भ आहे. त्या गाण्यातील निवेदक पोलीस अधिकाऱ्यावर गोळी झाडल्याची स्वतः कबुली देतो. मात्र ती स्वसंरक्षणार्थ झाडल्याचे सांगतो आणि दुय्यम अधिकाऱ्याच्या हत्येचा आरोप नाकारतो. माहितीपटाने या कबुलीजबाबाचे प्रश्नात रूपांतर केले आहे. या रूपांतरात भूमिकांचीही अदलाबदल होते. गाण्यातील गोळी झाडणारा कायद्याबाहेरचा माणूस. येथे मात्र ज्याच्यावर गोळी झाडली गेली तो गायकच शेरीफच्या, म्हणजे सत्ताधाऱ्याच्या, जागी येऊन बसतो. हा विपर्यास दिग्दर्शकाला अभिप्रेत असो वा नसो, तो अर्थपूर्ण आहे. 1976 पर्यंत मार्ली हा ट्रेंच टाउनच्या वस्तीतून आलेला केवळ गायक राहिला नव्हता. त्याच्या उपस्थितीने जनमताचे पारडे झुकू शकते, असे दोन्ही पक्षांना वाटू लागले होते. सत्ता नाकारणाऱ्या कलावंताकडे अशी न मागितलेली सत्ता चालून येणे, हेच या घटनेचे शोकात्म मर्म आहे.

ही पार्श्वभूमी स्पष्ट करण्यात माहितीपट यशस्वी होतो. 1962 मध्ये स्वतंत्र झालेल्या जमैकात पीपल्स नॅशनल पार्टी आणि जमैका लेबर पार्टी या दोन पक्षांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्या आपसांत वाटून घेतल्या होत्या. घरे आणि रोजगार पक्षनिष्ठेनुसार मिळत, आणि त्या निष्ठेचे रक्षण बंदुकीने होई. विशेष म्हणजे संगीत या राजकारणाच्या बाहेर नव्हते. मायकेल मॅन्ली यांनी 1972 च्या निवडणूकप्रचारात रेगे संगीताचा भरपूर उपयोग करून घेतला होता. त्यांचे प्रतिस्पर्धी एडवर्ड सिआगा यांनी तर राजकारणात स्थिरावण्यापूर्वी लोकसंगीताचा अभ्यास केला होता आणि ध्वनिमुद्रिकांची कंपनीही चालविली होती. ‘स्माइल जमैका’ हा 5 डिसेंबरचा कार्यक्रम पक्षातीत म्हणून योजला गेला. परंतु त्याला सरकारचे साहाय्य होते आणि तो जाहीर झाल्यावर मॅन्ली यांनी 15 डिसेंबर ही निवडणुकीची तारीख घोषित केली. तटस्थतेचे व्यासपीठ एका घोषणेने पक्षीय व्यासपीठ ठरले. जखमी अवस्थेतही मार्ली तेथे गायला आणि नंतर देशाबाहेर निघून गेला. मॅन्ली यांच्या पक्षाने 60 पैकी 47 जागा जिंकल्या.

येथवरचा तपशील जुळवून झाल्यावर मात्र माहितीपट गुन्हाशोधाच्या चौकटीत शिरतो. पक्षांचे हस्तक, शीतयुद्धाच्या संदर्भात अमेरिकेची गुप्तचर संस्था, घोड्यांच्या शर्यतीतील गैरव्यवहारातून निर्माण झालेले वैर असे तर्क या हल्ल्याविषयी दीर्घकाळ प्रचलित आहेत. शोधकथेचा घाट स्वीकारला की साक्षीदार, संशयित आणि पुरावा यांचीच मांडणी प्रधान होते, आणि गाणी दोन मुलाखतींमधील अवकाश भरणारे पार्श्वसंगीत ठरतात. वस्तुतः मार्लीने स्वतः साक्ष दिलेली आहे. 1979 च्या ‘सर्व्हायव्हल’ या संग्रहातील ‘अ‍ॅम्बुश इन द नाइट’ हे गाणे याच रात्रीविषयीचे आहे. त्यात हल्लेखोराचे नाव नाही. गरिबांना परस्परांविरुद्ध उभे करणाऱ्या सत्तास्पर्धेकडे मात्र नेमका निर्देश आहे. माहितीपट ‘कोणी?’ असे विचारतो, गाणे ‘कोणत्या व्यवस्थेने?’ याचे उत्तर देते. गाण्याला पुराव्याचा दर्जा न दिल्यामुळे ही दोन विधाने समोरासमोर येत नाहीत.

मार्लन जेम्स यांची 2014 मधील ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ सेव्हन किलिंग्ज’ ही कादंबरी याच घटनेला वेगळ्या रीतीने भिडते. 2015 चे मॅन बुकर पारितोषिक मिळविणाऱ्या या कादंबरीत मार्लीचे नाव येत नाही. तो केवळ ‘गायक’ असतो आणि त्याला निवेदकाचे स्थान नाही. बोलतात ते टोळीवाले, बंदूकधारी पोरे, गुप्तहेर, पत्रकार आणि एक मृत राजकारणीही. हल्ला कोणी केला हे वाचकाला आरंभीच कळते. त्यामुळे रहस्य उरत नाही, उरते ते हिंसेचे समाजशास्त्र. काल्पनिक कथनाला जे साधले ते वस्तुनिष्ठतेचा दावा करणाऱ्या माहितीपटाला साधू नये, ही बाब केवळ माध्यमभेदाने स्पष्ट होत नाही. प्रश्न कसा विचारला यावर उत्तराची खोली अवलंबून असते.

माध्यम हे कारण नव्हे, याचा पडताळा भारतीय माहितीपटात मिळतो. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) या माहितीपटाच्या केंद्रस्थानीही राजकीय हिंसेने ग्रासलेला एक गायकच आहे. 11 जुलै 1997 रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहाजण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. दोन्ही घटनांचे स्वरूप सर्वस्वी भिन्न आहे: मार्ली स्वतः हल्ल्याचे लक्ष्य होता, घोगरे आपल्या माणसांच्या मृत्यूने उन्मळले. तरीही तुलना फलदायी ठरते, कारण पटवर्धनांच्या कृतीत गाणे हेच साक्षीचे साधन आहे. गोळी कोठून आली हे तेथे आधीच ठाऊक असल्याने कॅमेरा वस्त्यांतून, जलशांतून आणि शाहिरांच्या नव्या पिढीतून फिरत राहतो, आणि एका गायकाचे मौन त्या अनेक आवाजांतून ऐकू येऊ लागते.

या प्रकाशात 22 एप्रिल 1978 च्या ‘वन लव्ह पीस कॉन्सर्ट’मधील सुप्रसिद्ध दृश्य पुन्हा पाहण्याजोगे आहे. मार्लीने मॅन्ली आणि सिआगा यांना रंगमंचावर बोलावून त्यांचे हात एकत्र उंचावले. मार्लीवरील चित्रणे या क्षणाकडे बहुधा समेटाचा कळस म्हणून येतात. परंतु त्या मैफिलीसाठी एकत्र आलेले दोन्ही पक्षांच्या वस्त्यांतील म्होरके, क्लॉडी मॅसॉप आणि बकी मार्शल, पुढील दोन वर्षांत मारले गेले आणि 1980 ची निवडणूक शेकडो बळी घेऊन गेली. नेत्यांचे हात जुळले. वस्त्यांतील बंदुका खाली आल्या नाहीत. 11 मे 1981 रोजी मार्लीचे निधन झाले तेव्हाही ती व्यवस्था शाबूत होती.

‘हू शॉट द शेरीफ?’चे मोल त्याने जमविलेल्या साक्षींमुळे निश्चित आहे. तथापि हल्लेखोराचे नाव उद्या निःसंशय सिद्ध झाले, तरी तटस्थ गायकाला बंदुकीच्या टप्प्यात आणणारी व्यवस्था त्या नावात मावणार नाही. गायकाने ते 1979 मध्येच ओळखले होते. त्याच्याविषयीच्या चित्रपटाने त्याचे गाणे साक्षीदार म्हणून ऐकले असते, तर प्रश्नही बदलला असता.