नवागत अध्यापक आणि अध्यापक-संघटना

अध्यापकांच्या व्यावसायिक संघटनांविषयी आपल्याकडे बहुधा दोनच सुरांत लिहिले जाते. एक सूर गौरवाचा, दुसरा उपहासाचा. पहिल्याला संघटनेने मिळवून दिलेली वेतनश्रेणी दिसते, दुसऱ्याला तिने पुकारलेला बहिष्कार तेवढा दिसतो. प्रस्तुत लेखात या दोहोंहून निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. जो अध्यापक नुकताच वर्गात उभा राहू लागला आहे, त्याला या संघटनांचा उपयोग काय?

संघटनांचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. १९७७ च्या अधिनियमाने खाजगी शाळांतील शिक्षकाला न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा मार्ग दिला. परंतु एकट्या शिक्षकाने तो मार्ग चालावयाचा तर त्याच्यामागे संघटनेचे बळ लागतेच. महाविद्यालयांच्या क्षेत्रात विदर्भात ‘नुटा’ने आपल्या बुलेटिनद्वारे शासननिर्णय व न्यायनिवाडे अध्यापकांच्या हाती पोहोचविले, हे कार्य लहान नव्हे. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांच्या प्रश्नासाठी राज्यातील प्राध्यापक महासंघाने २०१३ साली परीक्षाकामावर दीर्घ बहिष्कार टाकला. त्या लढ्याची न्याय्यता येथे वादाचा विषय नाही. मात्र ज्यांच्यासाठी तो झाला, त्यांतील सर्वांत कनिष्ठ अध्यापकाचीही नेमणूक तोवर जवळजवळ तेरा वर्षांची झाली होती. संघटनेची दृष्टी अध्यापकाकडे वळते ती बहुधा अशीच उशिरा.

असे का व्हावे? याचे कारण पुढाऱ्यांच्या वृत्तीत शोधण्यापेक्षा रचनेत शोधणे अधिक योग्य होईल. विधान परिषदेवर महाराष्ट्रातून सात शिक्षक प्रतिनिधी निवडले जातात. या मतदारसंघांत मत देण्याचा अधिकार, संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदान्वये, किमान तीन वर्षे अध्यापन केलेल्यालाच असतो. इकडे शाळेत नव्याने लागलेला उमेदवार पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ असतो. २००० साली सुरू झालेल्या या योजनेचे मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिक स्तरावर १६,०००, माध्यमिक स्तरावर १८,००० व उच्च माध्यमिक स्तरावर २०,००० रुपये झाले. म्हणजे ज्या तीन वर्षांत वेतन सर्वांत कमी, त्याच तीन वर्षांत मतही नाही. ज्या संघटनांचे सामर्थ्य बऱ्याच अंशी मतांच्या वाटेने जाते, त्यांच्या नजरेतून हा माणूस निसटला तर नवल नाही.

येथे शब्दांकडेही पाहावे. ‘शिक्षणसेवक’ या नावाने ‘शिक्षक’ ही संज्ञा तीन वर्षे राखून ठेवली आहे. महाविद्यालयातील त्याचा सहोदर ‘तासिका तत्त्वावर’ असतो. ‘तत्त्व’ हा शब्द आपण टिकाऊ गोष्टीसाठी वापरतो; येथे तो अशा नेमणुकीला लावला आहे, जी सत्र संपताच संपते. हे शब्द शासनाचे खरे. परंतु संघटनाही ते तसेच्या तसे उच्चारू लागतात, तेव्हा त्यांतील भेद आपणच मान्य केल्यासारखे होते.

यावर असा आक्षेप येईल की, नव्या माणसाला शिकविणे हे शासनाचे व विद्यापीठाचे काम आहे. संघटना म्हणजे प्रशिक्षणसंस्था नव्हे. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. जो आपली नेमणूक पुढे चालू ठेवणार, त्याच्यापुढे “मला वर्ग सांभाळता येत नाही” असे कोण म्हणेल? अशी कबुली निर्भयपणे देता येईल अशी जागा म्हणजे समव्यावसायिकांची मंडळी. ही जागा अन्य कोणी निर्माण करू शकत नाही.

ती निर्माण होऊ शकते याला आमच्याच विषयात पुरावा आहे. १९२८ साली लाहोर येथे स्थापन झालेली भारतीय भाषावैज्ञानिकांची संस्था आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी, डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने व रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने, १९५० नंतरच्या दशकात भाषाविज्ञानाची सत्रे भरविली. निरनिराळ्या भाषांचे तरुण अध्यापक तेथे एकत्र येऊन आधुनिक विश्लेषणपद्धती शिकले. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या मराठी अभ्यास परिषदेने ‘भाषा आणि जीवन’ या त्रैमासिकाद्वारे मराठीच्या अध्यापकाला चर्चेचे एक पीठ दिले.

आता उमरखेडचे उदाहरण घेऊ. येथे मराठीचा नवा अध्यापक येतो तो प्रमाणभाषेत परीक्षा उत्तीर्ण होऊन. वर्गात त्याच्यापुढे वऱ्हाडी बोलणारी मुले असतात, घरी गोरमाटी बोलणारी बंजारा मुले असतात, पैनगंगेपलीकडच्या मराठवाडी वळणाची मराठीही कानी पडते. ‘मला’च्या जागी ‘मले’ लिहिणाऱ्याचे गुण कापावयाचे, की बोली व लेखनभाषा यांची सीमा त्याला आधी समजावून द्यावयाची? हा प्रश्न त्याला पहिल्याच उत्तरपत्रिकेपाशी पडतो. नदीपलीकडे हदगावच्या अध्यापकालाही तोच पडत असणार. परंतु उमरखेड अमरावती विद्यापीठात आणि हदगाव नांदेडच्या विद्यापीठात असल्यामुळे दोघांची गाठ पडण्याचे कारणच उरत नाही.

संघटनेने करावयाचे ते फार खर्चाचे नाही. मानधनावरील व तासिकांवरील अध्यापकास पहिल्या दिवसापासून पूर्ण सभासदत्व द्यावे. त्याच्याच महाविद्यालयातला नसलेला एक ज्येष्ठ अध्यापक त्याच्याशी जोडून द्यावा. वर्षातून दोनदा नदीच्या दोन्ही काठांवरच्या अध्यापकांनी एकत्र बसून केवळ वर्गातील अडचणींविषयी बोलावे. एवढे झाले तरी संघटना ही हक्कांची राखणदार असण्याबरोबरच व्यवसायाची वाहकही होईल. आज दाराबाहेर उभा राहिलेला माणूस उद्या कायम झाल्यावर आत येईल, या भरवशावर बसणे योग्य नव्हे. तोवर त्याला एकट्याने निभावण्याची सवय झालेली असेल आणि अशा माणसांची संघटना उभी राहत नसते.