चौकटीबाहेरचे धुरंधर

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. पण त्या आदरात एक ‘पण’ दडलेला असतो. हात विलक्षण होता, पण पोस्टकार्डे, जाहिराती आणि पुस्तकांची चित्रे यांत तो खर्ची पडला, असे त्यांच्याविषयी म्हटले जाते. हा ‘पण’ तपासून पाहायला हवा.

कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. १८९५ मध्येच त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले होते. पदक होते, पगार होता; तरीही हा माणूस छापखान्यासाठी रेखाटत राहिला. तैलचित्र एका घराच्या भिंतीवर जाते. पोस्टकार्ड टपालाच्या थैलीतून कुठेही पोहोचते. धुरंधरांना ते कुठेही पोहोचणे हवे होते, असे त्यांच्या कामाचा पसारा पाहताना वाटते.

मात्र नुसत्या ओढीचे कौतुक करून भागत नाही. चित्र कोणासाठी काढले, हेही विचारावे लागते. ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० च्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकात धुरंधरांची रंगीत चित्रे आहेत. तिथे बाईला स्वतःचे नाव नाही; ती अमक्या जातीची, तमक्या प्रांताची. साहेबाच्या वर्गवारीला आपल्या चित्रकाराने रंग पुरवले, हे मान्य केले पाहिजे.

आता सी. ए. किंकेड यांचे १९१४ चे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ उघडावे. पुस्तक इंग्रजीत, पण गोष्टी आपल्या श्रावणातल्या कहाण्यांच्या, अटपाट नगरातल्या. इथली बाई नमुना म्हणून उभी नाही. ती कहाणीतले पात्र आहे, तिला सुखदुःख आहे. हात तोच आणि छापील पानही तसेच. म्हणजे उणेपण छापण्यात किंवा वाटण्यात नव्हते. चित्राला जो मजकूर सोबतीला मिळाला, त्यात ते होते. ‘पण’ म्हणणारे नेमके इथे चुकतात.

निवृत्तीनंतर, १९४० मध्ये, धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ प्रसिद्ध झाले. इतकी वर्षे चित्रांना दुसऱ्यांचा मजकूर लाभला. या वेळी मजकूर स्वतःचा होता, आणि तो मराठीत होता. कलाशाळेतले आयुष्य त्यांनी आपल्या भाषेतल्या वाचकापुढे मांडले. १९४४ मध्ये ते गेले.

धुरंधरांची मोजणी पदकांनी झाली, चित्रांच्या संख्येनेही झाली. त्यांची छापील चित्रे तैलचित्रांच्या शेजारी, बरोबरीने ठेवून पाहणे मात्र बाकी आहे. ते काम आपले आहे.