१.३ मिलिमीटरचा अहवाल

चौकशी समितीचा अहवाल कोणी आवडीने वाचत नाही. नासाने नोव्हेंबर १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला हबल दुर्बिणीच्या प्रकाशीय बिघाडाचा अहवाल मात्र मी आवडीने वाचतो, आणि विज्ञानाविषयीच्या उत्तम गद्यात त्याची गणना करतो. समितीचे अध्यक्ष होते लू ॲलन, त्या वेळी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे संचालक. त्यामुळे जगभर तो ‘ॲलन अहवाल’ म्हणूनच ओळखला जातो. दुर्बिणीच्या उपकरणांवर काम करणारा सिस्टिम्स इंजिनिअर नेमके काय करतो, हे कोणी विचारले तर मी याच पानांकडे बोट दाखवीन. आरसा घासणारा वेगळा, लेन्स बसवणारा वेगळा, मोजमाप घेणारा वेगळा, कॅमेरा बांधणारा वेगळा. या सगळ्यांचे काम जिथे एकमेकांना भिडते ती जागा सिस्टिम्स इंजिनिअरची. हबलच्या आरशाच्या बाबतीत ती जागा रिकामी राहिली होती, आणि त्या रिकामेपणाचे इतके बारकाईने केलेले वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

घटना थोडक्यात अशी. २४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी यान हबलला घेऊन निघाले, दुसऱ्या दिवशी दुर्बीण कक्षेत सोडली गेली. २० मे रोजी पहिले चित्र आले. त्यानंतरचे काही आठवडे दुर्बीण फोकस करण्यात गेले, पण तारे काही केल्या बिंदूवत होईनात. २७ जूनला नासाने जाहीर केले की दुर्बिणीत गोलीय विपथन आहे, म्हणजे आरशाच्या मधल्या भागावरून आणि कडेवरून येणारा प्रकाश एका ठिकाणी जमत नाही. आरसा २.४ मीटर व्यासाचा, आपल्या गिरवलीच्या वेधशाळेतील २ मीटरच्या आरशाहून थोडा मोठा. त्याची कड हवी त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉनने सपाट होती. ताऱ्याचा ७० टक्के प्रकाश ज्या इवल्या वर्तुळात यायला हवा होता, त्यात जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास येत होता.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेत हबलची खूप टर उडवली गेली. संसदेत प्रश्न झाले, व्यंगचित्रे निघाली. अहवालात याचा मागमूसही नाही. काय बिघडले, कधी बिघडले, कसे बिघडले, हे तीन प्रश्न तो या क्रमाने घेतो आणि एकाचे उत्तर पुरते हाती आल्याशिवाय पुढच्याकडे वळत नाही. विशेषणे जवळपास नाहीत. त्याचा रोख कृतीवर आहे: काय मोजले, कशाने मोजले, ते कुठे नोंदवले, किंवा नोंदवले नाही. दोषी माणूस शोधण्याची घाई नसल्यामुळेच त्याला दोष सापडतो, असे मला प्रत्येक वाचनात वाटते.

‘कसे’ या प्रश्नाकडे अहवाल वळतो तेव्हा त्याचा सर्वांत समृद्ध भाग सुरू होतो. हबलचा आरसा अपास्ताकार होता, म्हणजे साध्या गोलाच्या तुकड्यापेक्षा किंचित वेगळा. असा आकार थेट तपासता येत नाही. त्यासाठी कनेक्टिकटमधील डॅनबरी येथे पर्किन-एल्मर कंपनीने परावर्तक नल करेक्टर नावाचे उपकरण बांधले होते: दोन छोटे आरसे आणि एक लेन्स. आरसा अचूक असेल, तर त्यावरून परत आलेला प्रकाश या उपकरणातून जाताना सुधारला जाऊन इंटरफेरोमीटरमध्ये सरळ पट्टे दिसावेत, अशी रचना. पट्टे वाकडे दिसले की त्या ठिकाणी आणखी घासायचे. म्हणजे आरशाला आकार देणारा खरा हात या उपकरणाचा. सोनाराचा काटाच खोटा असेल, तर तो जितक्या निगुतीने तोलेल तितकी त्याची चूक पक्की होत जाईल. डॅनबरीत हेच झाले. १९८१ पर्यंत तो आरसा विलक्षण कौशल्याने, अतिशय गुळगुळीत, चुकीच्या आकारात घासून तयार झाला.

नल करेक्टरमधील लेन्स आणि आरसे यांच्यातील अंतर अचूक हवे, म्हणून ते मोजण्यासाठी इन्व्हार या मिश्रधातूचे दांडे वापरले होते. तापमान बदलले तरी इन्व्हारची लांबी जवळपास बदलत नाही. दांड्याच्या टोकावरून परतणाऱ्या प्रकाशाने अंतर ठरवायचे होते. प्रकाश टोकाच्या नेमक्या मध्यावरच पडावा म्हणून टोकावर एक टोपी बसवली, तिला मधोमध बारीक छिद्र ठेवले. टोपीवरून प्रकाश परतू नये म्हणून तिच्यावर परावर्तन न करणारा लेप दिला. छिद्राजवळ त्या लेपाचा एक कण उडालेला होता. प्रकाश छिद्रातून आत दांड्यापर्यंत जाण्याऐवजी त्या उघड्या पडलेल्या धातूवरून परतला, आणि मोजणाऱ्याने तेच दांड्याचे टोक मानले. टोपीचा पृष्ठभाग आणि दांड्याचे टोक यांच्यात अंतर होते १.३ मिलिमीटर.

हा आकडा वाचताना मी दर वेळी थांबतो. दुर्बिणीच्या जगात मायक्रॉनचे अंश मोजले जातात. १.३ मिलिमीटर तिथे नुसत्या डोळ्यांना दिसणारी लांबी आहे. शाळेच्या पट्टीवर दाखवता येईल अशी. पण अहवाल उद्गारत नाही, तो पुढची कृती सांगतो. चुकीच्या मोजमापाप्रमाणे लेन्स सरकवायला गेले, तर समायोजनाचा स्क्रू तितका पुरेना. उपकरण आपल्या परीने सांगत होते की आराखड्यातले अंतर आणि हे अंतर जुळत नाही. तंत्रज्ञांनी मधे वॉशर घातले. साधे वॉशर. लेन्स हव्या त्या, म्हणजे नको त्या, जागी बसली.

मला या प्रसंगात तंत्रज्ञांची घाई दिसत नाही, त्यांचा एकटेपणा दिसतो. हाताशी असलेली अडचण त्यांनी हाताशी असलेल्या वस्तूने सोडवली. कारखान्यात रोज हेच होते आणि त्यावाचून काम पुढे सरकत नाही. पण अशा अचूकतेच्या उपकरणात वॉशर घालावा लागला ही बातमी होती, आणि ती आराखडा करणाऱ्यापर्यंत पोचायला हवी होती. स्क्रू का पुरला नाही, असे विचारणारे कोणीतरी हवे होते. तो प्रश्न विचारणे हेच ज्याचे काम असते त्याला सिस्टिम्स इंजिनिअर म्हणतात, मग त्याच्या खोलीवर काहीही पाटी असो.

यानंतरची पाने मला अहवालाचा गाभा वाटतात. चूक कोणाला दिसलीच नव्हती असे नाही. दोन वेगळ्या उपकरणांनी ती दाखवली होती. एक होता लेन्सचा बनलेला नल करेक्टर. आरशाच्या मध्याची वक्रता मोजण्यासाठी तो वापरला, आणि त्याने गोलीय विपथन स्पष्ट दाखवले. दुसरे उपकरण होते उलटा नल करेक्टर, मुख्य करेक्टरचीच परीक्षा घेणारा. त्याचेही पट्टे वाकडे आले. दोघांच्या साक्षी फेटाळल्या गेल्या. कारण एकच दिले गेले: परावर्तक करेक्टर या दोघांहून अधिक अचूक आहे, तेव्हा चूक या दोघांचीच असणार.

या तर्कात उघड खोट कुठेच नाही. अधिक अचूक उपकरणावर अधिक विश्वास ठेवावा, हे कोणीही मान्य करील. अहवाल इथे एक फार बारीक भेद करतो, आणि माझ्या दृष्टीने तोच त्याचा विचार म्हणून सर्वांत मोठा ठेवा आहे. कमी अचूक उपकरण लहान चुका पकडू शकत नाही, पण मोठी चूक पकडायला ते पुरेसे असते. लेन्सच्या करेक्टरने जे दाखवले ते त्याच्या स्वतःच्या उणेपणाच्या कितीतरी पलीकडचे होते. साक्षीदार दुय्यम होता, साक्ष दुय्यम नव्हती. दोन मोजमापे जुळत नाहीत तेव्हा कोणाचे खरे मानायचे हा प्रश्न नंतरचा. आधी ती का जुळत नाहीत ते शोधायचे. तफावत हीच माहिती आहे. दुर्बिणीवर काम करणाऱ्या कोणत्याही चांगल्या चमूत बसून पाहा, दिवसाचा मोठा भाग अशा न जुळणाऱ्या आकड्यांवर जातो. बाहेरच्याला ते रटाळ वाटते. हबलसाठी तो रटाळ वेळ कोणी दिला नाही.

का दिला नाही, याचेही उत्तर अहवाल देतो. काम वेळापत्रकाच्या मागे पडले होते, खर्च वाढत चालला होता, आणि इतर अडचणींनी वरिष्ठांचे लक्ष खेचून घेतले होते. आरसा घासणारा विभाग आपल्यापुरता काम करत राहिला. कंपनीतलेच प्रकाशशास्त्राचे जाणकार आणि नासाचे देखरेख करणारे, दोघेही त्या मोजमापांपासून दूर राहिले. आकार ठरवायला एकच चाचणी, आणि तीच अंतिम निकालाचीही. पूर्ण दुर्बिणीची जमिनीवर एकत्र चाचणी फार खर्चिक म्हणून झाली नाही.

अहवालात मला एक उणीव दिसते. शेवटी तो धडे सांगतो: धोके ओळखा, संवाद ठेवा, महत्त्वाच्या मोजमापांची अचूकता समजून घ्या, जबाबदारी स्पष्ट नेमा, संकटातही मूळ उद्दिष्ट विसरू नका, नोंदी काटेकोर ठेवा. सगळे खरे, पण हे कोणत्याही कारखान्याच्या भिंतीवर लावता येईल. टोपीवरचा उडालेला लेप वाचल्यानंतर ही वाक्ये फिकी पडतात. ज्या समितीने पुरावा इतका ठसठशीत मांडला, तिने तिथेच थांबायला हरकत नव्हती.

पण ही चौकशी शक्यच झाली ती एका भाग्याच्या गोष्टीमुळे. नल करेक्टर डॅनबरीत जवळजवळ एका दशकानंतरही न उलगडता, जसाच्या तसा ठेवलेला होता. समितीला तो पुन्हा मोजता आला. लेन्स १.३ मिलिमीटरने सरकलेली आहे हे त्यातून कळले, आणि त्या अंतरामुळे आरशात जेवढी चूक यायला हवी, तेवढीच चूक कक्षेतून आलेल्या ताऱ्यांच्या चित्रांतही दिसत होती. पृथ्वीवरचे एक उपकरण आणि अंतराळातले तारे एकच आकडा सांगू लागले. आरशाचा शंकू स्थिरांक -१.००२३ असायला हवा होता, तो सुमारे -१.०१३९ निघाला. अहवाल वाचताना मला सर्वांत जास्त आनंद या ठिकाणी होतो. दहा वर्षांपूर्वी ज्या दोन मोजमापांना जुळवण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, तेच काम इथे शेवटी नीट झाले. आणि चूक इतकी नेमकी, इतकी नियमित होती की तिच्या बरोबर उलट आकार घडवून ती खोडता येणार होती. त्याच चित्तवेधक गुळगुळीतपणामुळे आरशात दुसरा कोणता दोष नव्हता.

पुढचे काम अहवालाच्या बाहेरचे, पण त्याच्याशी धागा जोडूनच वाचावे असे. नवीन मोठ्या कॅमेऱ्याच्या, म्हणजे दुसऱ्या वाइड फील्ड कॅमेऱ्याच्या, आतल्या छोट्या आरशांना उलटा आकार दिला गेला. इतर तीन उपकरणांसाठी कॉस्टार बनले: प्रकाशाच्या वाटेत बाहेर काढता येणाऱ्या दांड्यांवर नाण्याएवढे दहा आरसे. ही कल्पना जेम्स क्रॉकर यांना जर्मनीत, हॉटेलच्या न्हाणीघरातला वर-खाली सरकणारा शॉवर पाहताना सुचली. पण कॉस्टारला जागा हवी होती, आणि त्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाने बांधलेला उच्चगती प्रकाशमापी काढून टाकावा लागला. ते यंत्र चालू होते. त्याच्यामागे माणसांची वर्षे होती. चार उपकरणांपैकी एक देऊन तीन वाचवायची, हा निर्णय कोणत्याही समीकरणात बसत नाही, पण तोही याच व्यवसायाचा भाग आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत जड भाग आहे. डिसेंबर १९९३ मध्ये एन्डेव्हर यानातील अंतराळवीरांनी पाच अवकाशचालींत दोन्ही उपकरणे बसवली. १३ जानेवारी १९९४ रोजी नासाने नवी चित्रे दाखवली, आणि तारे अखेर बिंदूवत दिसले.

नंतर हबलवर बसवलेल्या प्रत्येक उपकरणात ही दुरुस्ती आतच बांधलेली होती, त्यामुळे कॉस्टारचे काम संपले आणि २००९ मध्ये ते परत आणले गेले. मूळ आरसा मात्र कधीच बदलला नाही. हबलने टिपलेले प्रत्येक चित्र त्याच, कडेला २.२ मायक्रॉनने सपाट असलेल्या आरशावरून आले आहे.

ॲलन अहवाल नासाच्या संग्रहातून कोणालाही मोफत वाचता येतो. त्याची इंग्रजी तांत्रिक आहे, पण अवघड नाही, आणि आकृत्या सोबत आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या कामात दोन मोजमापे कधीतरी जुळत नाहीत अशा सर्वांनी तो वाचावा. सुरुवात दांड्याच्या टोपीच्या आकृतीपासून करा.