‘गेम ऑफ थ्रोन्स’चा उत्तरार्ध आणि प्रेक्षकांचा वाद : एक चिकित्सा

प्रस्तावना

एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर १७ एप्रिल २०११ ते १९ मे २०१९ या काळात ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही अद्भुतरम्य मालिका आठ पर्वांत आणि ७३ भागांत प्रसारित झाली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवर ती आधारलेली होती. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे तिचे सूत्रधार व प्रमुख लेखक होते. शेवटच्या पर्वाचे प्रसारण पूर्ण होण्यापूर्वीच, मे २०१९ मध्ये, ते पर्व नव्याने लिहून पुन्हा निर्माण करावे अशी मागणी करणाऱ्या निवेदनाला दहा लाखांहून अधिक लोकांनी पाठिंबा दिला. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार याच पर्वासाठी मिळाला. एकाच कलाकृतीविषयी असे टोकाचे दोन निर्णय एकाच वेळी यावेत, ही समीक्षेच्या दृष्टीने दखल घेण्याजोगी घटना आहे. या वादात कोणता वाङ्मयीन प्रश्न दडलेला आहे, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

वादाचे स्वरूप

उत्तरार्धाच्या ऱ्हासाची दोन कारणे प्रेक्षक प्रामुख्याने सांगतात. पहिले कारण मूळ ग्रंथाच्या अभावाचे आहे. मार्टिन यांच्या मालेतील पाचवी कादंबरी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सहावी अद्याप आलेली नाही. त्यामुळे मालिका पुढे गेली आणि ग्रंथ मागे राहिला. दुसरे कारण घाईचे आहे. पहिली सहा पर्वे प्रत्येकी दहा भागांची होती. सातवे (२०१७) सात भागांचे आणि आठवे (२०१९) सहाच भागांचे झाले. वाहिनी अधिक भागांना तयार असतानाही सूत्रधारांनी कथा आटोपती घेतली, असा हा आक्षेप आहे.

ही दोन्ही कारणे खरी असली तरी पुरेशी नाहीत. सहावे पर्व (२०१६) बहुतांशी ग्रंथाच्या पुढे गेलेले होते. तरीही त्यातील शेवटचे दोन भाग आजही प्रेक्षकांच्या विशेष पसंतीचे आहेत. तेव्हा ग्रंथ संपला म्हणून कलाही संपली, असे म्हणता येत नाही. घाईचा आक्षेपही भागांच्या संख्येवर थांबतो. शेवटच्या पर्वातील अनेक भाग नेहमीपेक्षा बरेच दीर्घ होते. त्या अवधीत कशाला स्थान मिळाले आणि काय वगळले गेले, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वार्धाने घालून दिलेला नियम

प्रत्येक कलाकृती आपल्या वाचकाशी किंवा प्रेक्षकाशी एक अलिखित करार करीत असते. या मालिकेचा करार पहिल्याच पर्वात स्पष्ट झाला होता. नेड स्टार्क हा नायक वाटणारा पुरुष नवव्या भागात मारला जातो. हा धक्का अनपेक्षित असला तरी अकारण नाही. सर्सीला तिचे गुपित आपल्याला कळल्याचे सांगून पळून जाण्याची संधी देणारा त्याचा दयाळूपणाच त्याच्या नाशाचे कारण ठरतो. तिसऱ्या पर्वातील (२०१३) रॉब स्टार्कच्या हत्येचेही तसेच आहे. वॉल्डर फ्रेला दिलेले विवाहाचे वचन त्याने मोडलेले असते. येथे मरण कोणालाही चुकत नाही. परंतु ते कृतीचे फळ म्हणून येते. अशक्य पण संभाव्य वाटणारी घटना ही शक्य पण असंभाव्य घटनेपेक्षा श्रेयस्कर, या ॲरिस्टॉटलच्या विचाराचे हे उत्तम उदाहरण होय. ड्रॅगन असूनही कथेवर विश्वास बसत होता, तो या कार्यकारणभावामुळे.

सातव्या पर्वात हा नियम ढिला पडलेला दिसतो. सीमेवरील भिंतीपलीकडे अडकलेल्या तुकडीतील एक जण धावत किल्ल्यावर जातो, तेथून पक्ष्याकरवी संदेश जातो आणि डेनेरिस ड्रॅगनांसह दूरच्या बेटावरून ऐनवेळी येऊन पोहोचते. पूर्वार्धात अंतर हे कथेतील एक बंधन होते. राजधानीपर्यंतच्या प्रवासातच पात्रांचे संबंध जुळत आणि तुटत. अंतर नाहीसे होताच त्या संबंधांना लागणारा अवकाशही नाहीसा झाला.

सूचन आणि कारण

वादाचा केंद्रबिंदू अर्थातच डेनेरिस टार्गेरियन ही आहे. आठव्या पर्वाच्या पाचव्या भागात किंग्ज लँडिंग शरणागतीची घंटा वाजवते आणि त्यानंतर ती निरपराध नागरिकांसह शहर जाळते. मालिकेचे समर्थक म्हणतात, की याची बीजे आधीच पेरलेली होती. तिने मीरीनमधील १६३ मालकांना क्रूसावर चढविले होते आणि सातव्या पर्वात शरण न येणाऱ्या टार्ली पितापुत्रांना जाळले होते. हा युक्तिवाद वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु चौथ्या पर्वाच्या अखेरीस (२०१४) एका मुलीला ड्रॅगनने मारल्याचे कळताच हीच डेनेरिस आपल्या उरलेल्या दोन ड्रॅगनांना स्वतःच्या हाताने साखळदंड घालते, हेही तितकेच खरे आहे. म्हणजे तिच्या ठिकाणी क्रौर्य होते आणि निरपराधांविषयीची जबाबदारीही होती. दुसरीवर पहिल्याने मात कशी केली, हे दाखविणे हे लेखकाचे काम होते.

सूचन आणि कारण यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. सूचन प्रेक्षकाला शक्यता दाखवते. कारण त्या शक्यतेचे अटळतेत रूपांतर करते. शेवटच्या पर्वात जोराहचा मृत्यू, एका ड्रॅगनचा वध, मिसांडेईची हत्या आणि जॉन स्नोचा वारसाहक्क असे आघात एकामागून एक येतात. परंतु घटनांची गर्दी म्हणजे मनोव्यापार नव्हे. घंटा वाजल्यानंतर काही क्षण तिचा चेहरा दिसतो. पुढे शहर जळत असताना कॅमेरा जमिनीवरच्या लोकांबरोबर राहतो आणि ती दूरची आकृती होऊन जाते. निर्णायक क्षणी पात्राचे अंतरंगच दृष्टीआड होते.

या रिकाम्या जागेचा परिणाम नैतिक स्वरूपाचा आहे. कारण दाखविले नाही की प्रेक्षक तयार समजुतींकडे वळतो : पित्याचे वेड रक्तात उतरले, किंवा सत्ता मिळताच स्त्रीचा तोल गेला. अनेक प्रेक्षकांनी या दुसऱ्या समजुतीवर घेतलेला आक्षेप म्हणूनच गंभीर आहे. वेड रक्तातच असेल, तर नरसंहाराची जबाबदारी कोणावरच राहत नाही. अखेरच्या भागात टिरियन एक अधिक खोल अर्थ सुचवतो. तिने दुष्टांना मारले तेव्हा सर्वांनी तिचा जयजयकार केला आणि त्यातूनच तिला आपल्या न्यायबुद्धीची खात्री पटली, असा त्याचा आशय आहे. हा विचार प्रेक्षकालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणारा आहे. दुर्दैव एवढेच, की तो घटनेनंतरच्या भाषणात येतो. घटनेत उतरत नाही.

अन्य पात्रांतही हा दोष आढळतो. सातव्या पर्वात आपण कशाचाच अधिपती होऊ शकत नाही असे सांगणारा ब्रॅन शेवटी राजा होतो आणि आपण त्यासाठीच आलो असल्याचे सुचवतो. निरपराधांची कधी पर्वाच केली नाही, असे जेमी लॅनिस्टर म्हणतो. पण वेड्या राजाला मारून शहर वाचविल्याची कबुली त्यानेच तिसऱ्या पर्वात ब्रिएनला दिलेली असते. माणूस बदलू शकतो, स्वतःविषयी खोटेही बोलू शकतो. परंतु यांपैकी काय घडले, हे ठरविण्यास संहिता आधार देत नाही. औचित्यभंग हेच रसभंगाचे मूळ, असे आनंदवर्धनाने सांगितले आहे. येथील औचित्य पात्राच्या स्वभावाशी निगडित आहे. आणि तेच विस्कटले आहे.

प्रेक्षकाचा अधिकार

पर्व पुन्हा निर्माण करण्याची मागणी काही कलाकारांना शेकडो सहकाऱ्यांच्या श्रमांचा अवमान वाटली. तो आक्षेप समर्थनीय आहे. शेवट कोणता असावा हे ठरविण्याचा अधिकार प्रेक्षकाचा नाही. आवडत्या पात्राचा विजय हा त्याचा हक्क नव्हे. मात्र शेवट का झाला, हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे. आणि हा अधिकार त्याला पूर्वार्धानेच दिलेला आहे. नेड स्टार्कचा मृत्यू ज्यांनी स्वीकारला, ते केवळ सुखान्ताचे लोभी होते असे म्हणता येणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की या वादात निराशा आणि समीक्षा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. अपेक्षाभंग हा कलाकृतीचा दोष नव्हे. कार्यकारणभावाचा भंग हा मात्र दोष होय. डेनेरिसचा अंत चुकीचा नव्हता. तिथपर्यंतची वाट अपुरी होती. लक्षावधी सामान्य प्रेक्षकांनी, काव्यशास्त्राची परिभाषा न वापरता, संभाव्यता आणि औचित्य हेच निकष लावले. लोकप्रिय कलेच्या प्रेक्षकाला केवळ करमणूक हवी असते, ही विद्वत्तेच्या क्षेत्रात रूढ झालेली समजूत या वादाने तपासून पाहण्यास भाग पाडली आहे.