तंबूतील जागृती आणि साक्षीचा प्रश्न : लॉस एंजेलिस (१९४९) येथील सभा व त्यानंतरच्या बाप्टिस्ट वादाची चिकित्सा

प्रास्ताविक

एखादी धार्मिक जागृती खरी की केवळ गर्दीचा उमाळा, हा प्रश्न बहुतेक सर्व धर्मपरंपरांत विचारला गेला आहे. तो सोडविण्याची रीत मात्र परंपरेगणिक बदलते, आणि त्या रीतीतूनच संबंधित समाजाची स्वतःविषयीची कल्पना उघड होते. विसाव्या शतकातील अमेरिकी बाप्टिस्ट समाजात हा प्रश्न बिली ग्रॅहम यांच्या सभांच्या निमित्ताने तीव्रतेने उभा राहिला. प्रस्तुत लेखात त्या वादातील युक्तिवादांची चिकित्सा केली आहे. सभांमागे ईश्वरी प्रेरणा होती किंवा नव्हती, असा निवाडा देणे हा या लेखाचा विषय नाही. तसा निवाडा देऊ पाहणाऱ्यांनी कोणता पुरावा ग्राह्य मानला, हा आहे.

ग्रॅहम हे सदर्न बाप्टिस्ट परंपरेत दीक्षित झालेले उपदेशक. २५ सप्टेंबर १९४९ रोजी लॉस एंजेलिसमधील वॉशिंग्टन बुलेव्हार्ड व हिल स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरील मोकळ्या जागेत, सर्कशीच्या धर्तीवर उभारलेल्या भव्य तंबूत त्यांच्या सभा सुरू झाल्या. तेव्हा त्यांचे वय तीस होते. तीन आठवड्यांचा कार्यक्रम वाढत वाढत आठ आठवडे चालला आणि २० नोव्हेंबरला संपला. एकूण उपस्थिती साडेतीन लाखांच्या घरात होती व सुमारे तीन हजार लोकांनी ख्रिस्तस्वीकाराचा निर्णय केला, असे सांगितले जाते. 'कॅनव्हास कॅथीड्रल' या नावाने तो तंबू प्रसिद्ध झाला आणि ग्रॅहम राष्ट्रीय कीर्तीचे पुरुष झाले.

बाप्टिस्ट तत्त्व आणि प्रश्नाची धार

मराठी अभ्यासकाला बाप्टिस्ट पंथाची ओळख असते ती बहुधा विल्यम कॅरी यांच्यामुळे. १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश सिद्ध करणारे सेरामपूरचे कॅरी हे बाप्टिस्ट मिशनरी होते. या पंथाचे वेगळेपण बाप्तिस्म्याच्या विधीत दिसते, पण त्याचे मूळ मंडळीच्या कल्पनेत आहे. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देऊन मंडळीत घेणे या पंथाला मान्य नाही. ज्याने स्वतः विश्वास धरला, पश्चात्ताप केला व आपली साक्ष मंडळीपुढे सांगितली, त्यालाच बाप्तिस्मा द्यावयाचा. शिवाय प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त. तिच्यावर बिशप नाही, धर्मपरिषदेची सक्ती नाही. म्हणजे एखाद्याचे मनःपरिवर्तन खरे आहे काय, हा प्रश्न बाप्टिस्टांच्या दृष्टीने तत्त्वचर्चेचा उरत नाही. सभासदत्वाच्या प्रत्येक अर्जाबरोबर तो मंडळीपुढे येतो. (येथे मनःपरिवर्तन म्हणजे धर्मांतर नव्हे. तंबूत पुढे आलेल्यांपैकी पुष्कळजण जन्माने ख्रिस्तीच होते.)

कॅरी १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये बंगालात उतरले. कृष्ण पाल या पहिल्या हिंदू अनुयायाला त्यांनी बाप्तिस्मा दिला तो २८ डिसेंबर १८०० रोजी. सात वर्षांत एक! ही संथता त्यांनी ठरवून पत्करली होती असे नाही. तरीही त्या एका आकड्यावरून कॅरींचे कार्य निष्फळ होते, असे आज कोणताही बाप्टिस्ट म्हणणार नाही. मग आठ आठवड्यांतील तीन हजारांवरून ग्रॅहम यांचे कार्य सफल, असे तरी कसे म्हणावे?

हा पेच १९४९ मध्ये जन्मलेला नाही. जोनाथन एडवर्ड्स यांनी १७४१ च्या आपल्या प्रबंधात अश्रू, आक्रोश, शरीराचा कंप ही पवित्र आत्म्याच्या कार्याची खूण नव्हे आणि त्याविरुद्धचा पुरावाही नव्हे, अशी भूमिका घेतली होती. एडवर्ड्स काँग्रिगेशनल पंथाचे, पण बाप्टिस्टांनी त्यांना सतत आधारस्थानी मानले. याउलट चार्ल्स फिनी यांनी १८३५ च्या व्याख्यानांत जागृती हा चमत्कार नसून योग्य साधनांच्या योग्य वापराचे फळ आहे, असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास, १८३२ मध्ये, मेरीलँडमधील ब्लॅक रॉक येथे जमलेल्या जुन्या वळणाच्या बाप्टिस्टांनी मिशन संस्था, रविवारच्या शाळा यांच्याबरोबरच अनेक दिवस लांबविल्या जाणाऱ्या सभांचाही जाहीर निषेध केला होता. तंबूविषयीचा अविश्वास असा शतकाहून जुना होता.

संख्या आणि तिचे साक्षीदार

लॉस एंजेलिसच्या सभांना अनुकूल परिस्थितीचे पाठबळ होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सभा सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी, २३ सप्टेंबरला, सोव्हिएत रशियाने अणुस्फोट घडविल्याचे अध्यक्ष ट्रुमन यांनी जाहीर केले होते. ग्रॅहम यांच्या प्रवचनांत त्या भीतीचा पुरेपूर उपयोग झाला. ऑक्टोबरात विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी सभांना ठळक प्रसिद्धी दिली. भीती, वृत्तपत्रे आणि संगीत यांनी गर्दी जमली, तेव्हा जागृती खोटी, असा निष्कर्ष टीकाकार काढतात. हा युक्तिवाद कच्चा आहे. एखाद्या घटनेची लौकिक कारणे दाखविल्याने तिचा आध्यात्मिक आशय आपोआप रद्द होत नाही. परंतु गर्दी झाली म्हणून आत्मा कार्यरत होता, हा समर्थकांचा युक्तिवाद त्याहून कच्चा आहे.

संख्येचा मोह ग्रॅहम यांच्या सहकाऱ्यांना परिचित होता. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे ग्रॅहम, क्लिफ बॅरोज, जॉर्ज बेव्हर्ली शे व ग्रेडी विल्सन यांनी स्वतःसाठी जे निर्बंध ठरविले, त्यांत पैशाचे व्यवहार, स्त्रियांशी वागणूक व स्थानिक मंडळ्यांशी संबंध यांच्या जोडीला प्रसिद्धीतील अतिशयोक्ती टाळणे हाही विषय होता. फिरत्या उपदेशकांच्या धंद्यात आकडे फुगविले जातात, याची ही स्पष्ट कबुली होय. पुढे या संघटनेने पुढे येणाऱ्यांना 'परिवर्तित' न म्हणता 'जिज्ञासू' म्हणणे पसंत केले, आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी नॅव्हिगेटर्स संघटनेचे डॉसन ट्रॉटमन यांच्या मदतीने त्यांचा पाठपुरावा करण्याची पद्धत बसविली. शब्दातील हा बदल विरोधकांनी फारसा लक्षात घेतला नाही. वस्तुतः त्यात अर्धा वाद मान्य केलेला होता.

उरतात त्या व्यक्ती. रेडिओवरील गायक स्टुअर्ट हॅम्ब्लेन, गुन्हेगारी जगतासाठी टेलिफोन संभाषणे चोरून ऐकण्याची यंत्रणा उभारणारे जिम व्हॉस आणि ऑलिंपिक धावपटू व माजी युद्धकैदी लुई झँपेरिनी ही तीन नावे समर्थक नेहमी घेतात. झँपेरिनी १९५० मध्ये जपानला गेले आणि तुरुंगात असलेल्या आपल्या जुन्या पहारेकऱ्यांना भेटून त्यांनी क्षमा केली. व्हॉस यांनी पुढे न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागातील तरुणांत काम केले. हा पुरावा निश्चितच वजनदार आहे. मात्र त्याचे वजन तंबूतल्या रात्रीमुळे वाढलेले नाही, त्यानंतरच्या वर्षांमुळे वाढले आहे. आणि तीन हजारांत हे तिघे नामवंत होते म्हणूनच त्यांचे पुढचे आयुष्य नोंदले गेले. इतरांची साक्ष कोणी द्यावयाची?

नेमकी येथेच स्थानिक मंडळी अभिप्रेत होती. या संदर्भात केडगावच्या मुक्ती सदनातील १९०५ च्या जागृतीची आठवण होते. तीही वादग्रस्त ठरली होती. मुलींचे रडणे, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे यांवर आक्षेप घेतले गेले आणि पंडिता रमाबाईंनी त्यांचे समर्थन केले. पण केडगावची परिस्थिती वेगळी होती. त्या मुली दुसऱ्या दिवशीही तेथेच राहात, दळत, शिवत, शिकत. त्यांचे परिवर्तन पारखण्यास रोजचा सहवास उपलब्ध होता. तंबू उठल्यावर हिल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर असा सहवास उरला नाही. शहरभरच्या मंडळ्यांकडे नावे-पत्ते असलेल्या निर्णयपत्रिका गेल्या.

व्यासपीठाचा प्रश्न

आश्चर्याची बाब अशी की, १९४९ मध्ये मूलतत्त्ववादी बाप्टिस्ट ग्रॅहम यांच्यावर प्रसन्नच होते. 'स्वोर्ड ऑफ द लॉर्ड' या पत्राचे संपादक जॉन आर. राईस यांनी त्यांची पाठराखण केली; १९५५ च्या स्कॉटलंडमधील सभांनाही ते स्वतः गेले व त्यांची प्रशंसा केली. दोनच वर्षांत संबंध तुटले. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील सभा शहराच्या प्रॉटेस्टंट कौन्सिलच्या निमंत्रणावरून झाल्या आणि त्या कौन्सिलमध्ये उदारमतवादी मंडळ्या होत्या. राईस व रेग्युलर बाप्टिस्टांचे रॉबर्ट केचम यांना ही तडजोड असह्य झाली. जिज्ञासूंना नास्तिकप्राय पाळकांच्या हवाली केले जाणार, ही त्यांची तक्रार होती. तिला रॉबर्ट फर्म यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात उत्तर दिले.

राईस यांच्या तक्रारीत तथ्य होते. जिज्ञासू कोणत्या मंडळीकडे जातो, हा बाप्टिस्ट दृष्टीने अत्यंत रास्त प्रश्न. परंतु त्यांची मांडणी एका ठिकाणी डगमगते. उपदेशक तोच, संदेश तोच, पुढे येण्याचे आवाहनही तेच. मग १९५५ मध्ये जे आत्म्याचे कार्य होते ते १९५७ मध्ये संशयास्पद कसे झाले? प्रायोजकांची यादी बदलली, एवढेच. घटनेची आध्यात्मिकता पारखण्याचे काम येथे संगतीच्या परीक्षेने बळकावले.

सुधारित परंपरेतील बाप्टिस्टांनी वेगळ्या बाजूने आघात केला. ब्रिटिश पाळक एरल हल्स यांचे १९६६ मधील पुस्तक ग्रॅहम यांच्यावरचे असले, तरी त्याच्या शीर्षकात पाळकापुढील पेचाचा उल्लेख आहे, हे सूचक होय. सर्वांसमक्ष पुढे चालत येणे या शारीरिक कृतीची नव्या जन्माशी गल्लत होते, हा या परंपरेचा मुख्य आक्षेप. पुढे १९८४ मध्ये ॲलन स्ट्रीट यांनी अशा आवाहनाचे सविस्तर समर्थन केले. या तिन्ही पक्षांत हल्स यांचा पक्ष बाप्टिस्ट तत्त्वाच्या सर्वांत जवळ येतो, कारण तो सभेकडे मंडळीच्या बाजूने पाहतो. तरी त्याच्या अनुयायांत पद्धत चुकीची म्हणून फळही खोटे, असे मानण्याची प्रवृत्ती दिसते. एडवर्ड्स यांना ती मान्य झाली नसती. एकाचे पाहून दुसरा हेलावला, एवढ्यावरून कार्य खोटे ठरत नाही, असे त्यांनी १७४१ मध्येच सांगून ठेवले होते.

फळांची परीक्षा करावयाची तर कोणती फळे, हा प्रश्न या वादात बराच काळ मागे पडला. त्या काळच्या दक्षिणेकडील बहुसंख्य गोऱ्या बाप्टिस्ट मंडळ्यांत वर्णभेद हा नित्याचा व्यवहार होता आणि शेकडो जागृती-सभा होऊनही त्याला धक्का लागला नव्हता. मार्च १९५३ मध्ये चॅटनूगा येथे ग्रॅहम यांनी गोऱ्या व काळ्या श्रोत्यांना विभागणारे दोर स्वतः काढले. त्याच वर्षी डॅलस येथे मात्र विभक्त आसनव्यवस्था पुन्हा स्वीकारली गेली. ज्या डॅलसच्या फर्स्ट बाप्टिस्ट मंडळीचे सभासदत्व त्यांनी त्या वर्षी घेतले, तिचे पाळक डब्ल्यू. ए. क्रिसवेल यांनी १९५६ मध्ये साउथ कॅरोलिनात वर्णविभाजन संपविण्याविरुद्ध जाहीर भाषण केले. आपली ही भूमिका त्यांनी १९६८ मध्ये सोडली.

(ग्रॅहम १९५६ च्या जानेवारीत मुंबईतही आले होते. मुंबई केंद्रशासित करण्याच्या घोषणेने पेटलेल्या दंगलींमुळे येथील नियोजित जाहीर सभा होऊ शकली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने अशा रीतीने मराठी भूमीवरील एका चाचणीची संधी हिरावून घेतली, असे गमतीने म्हणता येईल.)

१८ जुलै १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी प्रार्थना केली. ते स्वतः बाप्टिस्ट पाळक होते, आणि ग्रॅहम यांच्या सभांकडून त्यांना मोठी अपेक्षा होती. पुढील वर्षी, जुलै १९५८ मध्ये, सॅन अँटोनियोच्या सभेत वर्णविभाजनाचे समर्थक गव्हर्नर प्राइस डॅनियल हे ग्रॅहम यांचा परिचय करून देणार असल्याचे कळताच किंग यांनी पत्र लिहून त्यांना व्यासपीठावर स्थान न देण्याची विनंती केली. उपदेशकाने कोणाबरोबर बसावे, हा राईस यांचाच प्रश्न. फक्त वर्षभरात तो दुसऱ्या दिशेने, आणि अधिक जड होऊन आला. राईस यांना प्रायोजकांच्या धर्ममताची चिंता होती. किंग यांना अशा माणसांची चिंता होती की, ज्यांना त्या व्यासपीठावरून दिला जाणारा संदेश आपल्यासाठी आहे की नाही हे व्यासपीठावरील चेहऱ्यांवरून ठरवावे लागणार होते. पत्राचे उत्तर ग्रेडी विल्सन यांनी पाठविले. डॅनियल यांनी ठरल्याप्रमाणे परिचय करून दिला.